पाणी, पांढरी आणि पाषाण : बीड जिल्ह्यातील वसाहत आणि वास्तूंचा इतिहास

भूमीच्या दोन पातळ्या

बीड जिल्ह्यातील वसाहतीचा इतिहास समजून घ्यायचा, तर प्रथम या भूमीच्या दोन पातळ्या ध्यानात घ्याव्या लागतात. जिल्ह्याच्या मधून बालाघाटाची डोंगररांग पश्चिमेकडून पूर्वेकडे जाते. तिचा उत्तर उतार गोदावरीच्या खोऱ्यात उतरतो आणि दक्षिणेला पठार पसरत जाते. गोदावरीला मराठवाड्यात गंगा म्हणण्याची रीत असल्यामुळे तिच्या काठच्या सखल, काळ्याभोर जमिनीच्या पट्ट्याला गंगथडी हे नाव पडले, तर डोंगरावरच्या मुरमाड, उथळ मातीच्या मुलखाला लोक नुसते ‘घाट’ म्हणतात, आणि माणूस घाटावरचा की घाटाखालचा, ही विचारणा सोयरीक जुळवतानाही होत आली आहे. सिंदफणा आणि तिला मिळणाऱ्या बिंदुसरा व कुंडलिका या नद्या उत्तरेकडे गोदावरीच्या ओढीने वाहतात, तर पाटोद्याच्या डोंगरात उगम पावणारी मांजरा आग्नेयेकडे वळून कर्नाटक-तेलंगणातून लांब वळसा घेत अखेर त्याच गोदावरीला मिळते. सुमारे १०,६९३ चौरस किलोमीटरचा हा मुलूख पर्जन्यछायेत येतो. पाऊस मुळात बेताचा आणि त्यातही बेभरवशाचा. २०११ च्या जनगणनेत २५,८५,०४९ लोकसंख्या नोंदवलेल्या या जिल्ह्यात, आज अकरा तालुक्यांत विखुरलेली गावे जेथे उभी आहेत तेथेच ती का उभी राहिली, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा ओढ्याच्या काठाशी, झऱ्यापाशी किंवा बारवेच्या, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीच्या, तोंडाशी सापडते.

अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेतील ग्रामीण जिल्ह्यांत १७८५ च्या जमीन कायद्याप्रमाणे आधी सहा मैल बाजूचे चौकोन आखले गेले आणि त्या रेषांवर मागाहून शेते, रस्ते व गावे आली. त्यामुळे तेथील पहिला रहिवासी, पहिली शाळा आणि पहिले प्रार्थनास्थळ यांच्या तारखा सांगता येतात. बीडसारख्या प्रदेशात वसाहतीला असा एक आरंभबिंदू नाही. येथे गाव एका थरावर दुसरा थर चढत वाढले, दुष्काळात ओस पडले, कौल, म्हणजे सवलतीचे अभयपत्र, घेऊन पुन्हा वसले, आणि या चढउतारांचा दाखला कागदापेक्षा दगडामातीत अधिक राहिला. त्या दगडामातीचे वाचन करताना एक सूत्र वारंवार हाती येते : या जिल्ह्यात वास्तू तगली ती प्रामुख्याने पाण्याशी आणि वहिवाटीशी, म्हणजे लोकांच्या अखंड वापराशी, असलेल्या तिच्या नात्यामुळे; जेथे हे नाते तुटले तेथे भक्कम तटबंदीही ढासळली.

अग्रहार आणि देवालये

या प्रदेशातील वसाहतीचे पहिले नीट वाचता येणारे पुरावे उत्तर चालुक्य आणि देवगिरीचे यादव यांच्या काळातले, म्हणजे अकराव्या ते चौदाव्या शतकातले आहेत. त्यांत अंबाजोगाईचे स्थान सर्वांत मोठे आहे. जयवंती नदीच्या काठी डोंगर पोखरून केलेल्या शैव लेण्यांना तेथील दगडी हत्तींमुळे लोक हत्तीखाना म्हणतात; या लेण्यांवरून असे दिसते की हे ठिकाण यादवांच्या आधीपासून धर्मकेंद्र होते. यादव राजा सिंघण याच्या कारकीर्दीत त्याचा सेनापती खोलेश्वर याचा या नगराशी निकटचा संबंध आला आणि त्याच्या घराण्याचे शिलालेख येथे मिळाले आहेत. शके ११५० म्हणजे इ.स. १२२८ चा लेख असलेले सकलेश्वर मंदिर त्याच्या खांबांमुळे ‘बाराखांबी’ या नावाने ओळखले जाते. शके ११६२ म्हणजे इ.स. १२४० च्या लेखातून त्याच घराण्यातील एका स्त्रीचे कर्तृत्व समोर येते : खोलेश्वराचा पुत्र राम गुजरातच्या मोहिमेत मारला गेल्यावर त्याची बहीण लक्ष्मी हिने भावाच्या स्मरणार्थ रामनारायणाचे देवालय उभारले. युद्धात पडलेल्या भावासाठी बहिणीने बांधलेले मंदिर, ही नोंद तेराव्या शतकातील स्त्रियांच्या हाती असलेल्या द्रव्याविषयी आणि अधिकाराविषयी बरेच काही सांगून जाते.

मंदिर ही त्या काळी केवळ पूजेची जागा नव्हती. त्याला जमीन लावून दिलेली असे, त्या जमिनीवर कुळे राबत, देवळाभोवती पुजारी, माळी, गुरव, तेली, वाजंत्री यांची घरे वसत आणि यात्रेच्या निमित्ताने बाजार भरे. नवे गावच वसवायचे असेल तर अग्रहार देण्याची पद्धत होती. अग्रहार म्हणजे विद्वान ब्राह्मणांच्या निर्वाहासाठी करमुक्त करून दिलेले गाव. या पद्धतीचा बीड जिल्ह्यातील उत्तम दाखला गोदाकाठच्या पुरुषोत्तमपुरीचा आहे. माजलगाव तालुक्यातील या गावी मिळालेला यादव राजा रामचंद्र याचा ताम्रपट शके १२३२ म्हणजे इ.स. १३१० चा असून वा. वि. मिराशी यांनी त्याचे वाचन प्रसिद्ध केले. राजाने आपल्या पुरुषोत्तम नावाच्या मंत्र्याला गावे दिली आणि त्यांतून त्याच्याच नावाचा अग्रहार उभा राहिला, असा त्याचा आशय आहे. देवगिरीवर दिल्लीच्या फौजा येऊन गेल्यानंतर आणि यादव सत्तेला थोडीच वर्षे उरलेली असताना हे दान दिले गेले, हे ध्यानात घेतले म्हणजे राज्ये डळमळत असतानाही गावे वसवण्याचे काम कसे चालू राहते, ते कळते. ताम्रपटातले नाव सातशे वर्षे गावाला चिकटून राहिले, आणि अधिक मासाला पुरुषोत्तम मास मानण्याच्या परंपरेमुळे तेथील विटांच्या पुरुषोत्तम मंदिरात दर अधिक मासात मोठी यात्रा भरत आली.

पूर्वेकडे धर्मापुरीचे केदारेश्वर मंदिर उत्तर चालुक्य काळातील शिल्पकामाचा समृद्ध नमुना आहे, तर बीड शहरातील कंकालेश्वर मंदिर त्याच परंपरेतले असूनही रचनेने वेगळे उठून दिसते. तीन गर्भगृहे एका मंडपाभोवती जोडणाऱ्या, म्हणजे त्रिकूट पद्धतीच्या, या मंदिराची बांधणी एका विस्तीर्ण कुंडाच्या मध्यभागी केलेली आहे. पाण्याच्या मधोमध देवालय बांधण्यामागे धार्मिक कल्पना होतीच, पण अशा कुंडामुळे आसपासच्या आडांनाही पाझर मिळतो. आड म्हणजे पायऱ्या नसलेली, पिण्याच्या पाण्याची अरुंद विहीर. देवाच्या नावाने राखलेले पाणी गावाच्या उपयोगी पडावे, ही दूरदृष्टी या वास्तूत दिसते.

बीड नगर : किल्ला, पेठ आणि पुरे

चौदाव्या शतकापासून बीडचे नाव फार्सी बखरींत येऊ लागते. महंमद तुघलक वरंगळच्या मोहिमेवरून परतत असताना बीडजवळ त्याचा एक दात पडला आणि त्यावर त्याने कबर बांधवली, अशी नोंद फिरिश्ता या इतिहासकाराने केली आहे. याच काळाशी जोडला जाणारा शहेनशाहवली यांचा दर्गा शहराच्या पूर्वेकडील टेकडीवर आहे आणि त्याच्या आवारातील बांधकामात पुढच्या अनेक शतकांनी भर घातली. बहमनी सत्तेनंतर हा मुलूख अहमदनगरच्या निजामशाहीच्या आणि विजापूरच्या आदिलशाहीच्या ओढाताणीत सापडला; सोळाव्या शतकाच्या अखेरीस मोगल आले आणि १७२४ नंतर हैदराबादच्या असफजाही निजामांचा अंमल बसला, तो १९४८ पर्यंत टिकला.

बिंदुसरेच्या पश्चिम तीरावरचे किल्ले-बीड आणि पूर्व तीरावरची पेठ-बीड असे शहराचे दोन भाग या घडामोडींतून तयार झाले. पश्चिमेकडे तटबंदी, वेशी, कचेऱ्या आणि अंमलदारांची घरे, तर पूर्वेकडे व्यापार आणि कारागिरी, अशी ढोबळ वाटणी दिसते. किल्ल्याच्या भागातील जामा मशीद हिजरी १०३६ म्हणजे इ.स. १६२७ च्या सुमारास, जहांगीर बादशहाच्या कारकीर्दीच्या शेवटी, जान सिपारखान याने बांधवली. औरंगजेबाच्या अखेरच्या वर्षांत हाजी सदर शाह याने नवा ईदगाह बांधला आणि गाजीपुरा ही वस्ती वसवली. तीच पुढे इस्लामपुरा झाली. पुरा म्हणजे एखाद्या अंमलदाराने किंवा व्यापारी समूहाने मूळ गावाबाहेर वसवलेली नवी वस्ती. धोंडीपुऱ्यासारखी नावे आजही शहरात चालू आहेत आणि तट नाहीसा झाला तरी कोतवाली वेशीसारख्या जागा लोकांच्या बोलण्यातून पुसल्या गेलेल्या नाहीत.

शहराच्या पूर्वेकडील डोंगरावर असलेले खंडोबाचे मंदिर परंपरेने सुलतानजी निंबाळकर यांचे बांधकाम मानले जाते. सुलतानजी हे शाहू छत्रपतींचे सरलष्कर; १७२६ च्या सुमारास ते निजामाकडे गेले आणि बीडच्या परिसराशी त्यांचा जहागिरीचा संबंध आला. मंदिरापुढच्या दोन उंच दीपमाळा दुरूनही नजरेत भरतात. मराठा सरदाराने निजामाच्या सेवेत राहून खंडोबाचे देवालय उभारावे आणि त्याच शहरातील मन्सूरशाह या सूफी संताला महादजी शिंद्यांनी गुरू मानावे, या दोन घटनांतून अठराव्या शतकातील बीडची घडण स्पष्ट होते. मन्सूरशाहांविषयीची शिंदे घराण्याची श्रद्धा ग्वाल्हेरपर्यंत गेली आणि तेथेही त्यांचे स्थान उभे राहिले. राजकीय निष्ठा आणि भक्तीच्या वाटा या नगरात एकमेकींना सतत छेदत होत्या, आणि म्हणूनच दर्गा, मंदिर व मशीद यांचा इतिहास येथे वेगवेगळा सांगता येत नाही.

शहरातील धंद्यांचाही येथे उल्लेख आवश्यक आहे. प्रवासात पाणी गार ठेवणारी छागल, म्हणजे कातड्याची पिशवी, आणि काठीत पाते लपवलेली गुप्ती या दोन वस्तूंसाठी बीडचे कारागीर निजामी काळात प्रसिद्ध होते. पाणी दुर्मिळ असलेल्या मुलखात पाणी वाहून नेण्याच्या वस्तूने नाव कमवावे, हे त्या भूमीशी सुसंगतच आहे. पाटोदा तालुक्यातील अमळनेर तांब्यापितळेच्या व्यवसायामुळे आजही ‘भांड्याचे अमळनेर’ म्हणूनच ओळखले जाते. या स्थानिक इतिहासाची जाण त्या काळातही होती. काजी महंमद कुत्बुल्ला यांनी १८९८ मध्ये ‘तारीख-ए-बीड’ हा उर्दू ग्रंथ लिहिला.

खजाना विहीर

बीड जिल्ह्यातील सर्व ऐतिहासिक बांधकामांत अभियांत्रिकीच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे काम कोणते, असे विचारले तर खजाना विहिरीचेच नाव घ्यावे लागते. शहराच्या दक्षिणेला सुमारे सहा किलोमीटरवर असलेली ही विहीर हिजरी ९९१ मध्ये, म्हणजे इ.स. १५८३ च्या सुमारास, मुर्तझा निजामशहाच्या कारकीर्दीत सलाबतखान याने बांधवली आणि तिची आखणी राजा भास्कर या स्थापत्यकाराने केली, अशी परंपरा आहे. अहमदनगरजवळच्या डोंगरावर ‘चांदबिबीचा महाल’ म्हणून लोक जी इमारत दाखवतात, ती याच सलाबतखानाची कबर आहे.

वरून पाहता ही एक मोठी, गोल, दगडी बांधणीची विहीर दिसते. तिचे खरे सामर्थ्य मात्र जमिनीखाली आहे. भूगर्भातील पाझर एकत्र करणारे बोगदे वरच्या अंगाने विहिरीत येतात आणि जमिनीच्या नैसर्गिक उताराचा फायदा घेऊन खालच्या अंगाने पाणी पुढे नेणारा बोगदा शेतांपर्यंत जातो, त्यामुळे मोट लावण्याची गरजच उरत नाही. मोट म्हणजे बैलांच्या बळावर विहिरीतून पाणी खेचणारी कातड्याची थैली. ती चालवायला बैलजोडी, माणूस आणि वैरण यांचा खर्च येतो, आणि दुष्काळात हा खर्चच शेतकऱ्याला आधी खाली ओढतो. सलाबतखानाच्या विहिरीने हा खर्च वाचवला. इराणी कनात पद्धतीशी नाते सांगणारी ही रचना निजामशाहीत चांगली रुजली होती. अहमदनगरच्या भूमिगत नळयोजना आणि मलिक अंबरने पुढे खडकीत, म्हणजे नंतरच्या औरंगाबादेत, केलेली नहर ही त्याच विद्येची फळे होत. विहिरीच्या पाण्यावर भिजणाऱ्या शेतीला बलगुजार म्हणतात. दुष्काळातही हिची पातळी हलत नाही अशी लोकांची श्रद्धा आहे. या श्रद्धेमागे चार शतकांचा अनुभव आहे, आणि तिला धक्का बसला तर दोष विहिरीच्या बांधणीत न शोधता भोवतालच्या उपशात शोधावा लागेल.

घाटावरचा किल्ला, नदीकाठचे रणांगण

बालाघाटाच्या कडेवर उभा असलेला धारूरचा किल्ला हा सीमेवरच्या मुलखाचा साक्षीदार आहे. आदिलशाही सरदार किश्वरखान याने १५६७ च्या सुमारास त्याची मोठी बांधणी केली. जागा जुनी होती, परंतु आज दिसणारा तट-बुरुजांचा आराखडा मुख्यतः त्या काळापासूनचा आहे. मुर्तझा निजामशहाने लगोलग चढाई करून किल्ला घेतला आणि किश्वरखान त्या लढ्यात मारला गेला. १६३१ च्या आरंभी शाहजहानचा सरदार आझमखान याने किल्ला सर केला व पुढे त्याचे नाव फतेहाबाद झाले. त्या मोहिमेच्या फार्सी वृत्तांतात किल्ल्याबाहेर भरणाऱ्या आठवडी बाजाराचा उल्लेख येतो, आणि वसाहतीच्या इतिहासाच्या दृष्टीने तो तोफांच्या वर्णनाहून मोलाचा आहे. कारण किल्ला भोवतालच्या खेड्यांना बाजारपेठ मिळवून देत होता आणि ती खेडी किल्ल्याला धान्य, वैरण व माणसे पुरवत होती, हे त्यातून कळते. दख्खनला होरपळून काढणाऱ्या १६३० ते १६३२ च्या दुष्काळाच्या ऐन भरात ही मोहीम झाली होती, हेही विसरता येत नाही. तीन बाजूंनी दरी असलेल्या या किल्ल्याची खरी शिबंदी म्हणजे त्यातील पाण्याची टाकी होती. तीच कोरडी पडली असती तर उंच तट निरुपयोगी ठरला असता.

अठराव्या शतकात मराठे आणि निजाम यांच्यातील सीमा याच पट्ट्यात मागेपुढे सरकत राहिली. गेवराई तालुक्यातील राक्षसभुवन येथे १० ऑगस्ट १७६३ रोजी थोरले माधवराव पेशवे आणि रघुनाथराव यांच्या फौजेने निजाम अलीच्या सैन्याचा पराभव केला. निजाम स्वतः गोदावरी उतरून पलीकडे गेला होता, त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर निम्म्या सैन्यासह अलीकडच्या तीरावर होता, आणि पावसाळी पुरामुळे निजामाला परत येऊन त्याला मदत करता आली नाही. विठ्ठल सुंदर त्या दिवशी रणात पडला. उन्हाळ्यात पायउतार होणारी नदी श्रावणात राज्याचे भवितव्य ठरवते, हे गंगथडीच्या माणसाला नव्याने सांगण्याची गरज नाही. पुढे ११ मार्च १७९५ रोजी झालेली खर्ड्याची लढाईही जिल्ह्याच्या सीमेला लागून, जामखेडच्या बाजूला झाली. फौजांच्या सततच्या वाटचालीमुळे गावांनी स्वतःच्या संरक्षणाची सोय स्वतःच केली, आणि त्यातून या प्रदेशाची सर्वांत सर्वसामान्य, परंतु सर्वांत दुर्लक्षित राहिलेली ऐतिहासिक वास्तू, म्हणजे गढी, गावोगाव उभी राहिली.

पांढरी, गढी आणि माळवद

मराठवाड्यातील खेड्याची जुनी विभागणी काळी आणि पांढरी अशी केली जाते. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा. पिढ्यान्पिढ्या एकाच ठिकाणी मातीची घरे पडून त्यांवर नवी बांधली गेल्याने, चुलींची राख व गोठ्यातील शेण मिसळत गेल्याने वस्तीच्या मातीला पांढुरका रंग येतो आणि गाव भोवतालच्या शेतांपेक्षा उंचावते. गंगथडीतील कित्येक गावे अशा टेकाडांवर आहेत, त्यामुळे ती पुरापासूनही बचावतात. या उंचवट्याच्या माथ्यावर किंवा कडेला देशमुखाची, देशपांड्याची अथवा पाटलाची गढी असे. देशमुख हा परगण्याचा वतनदार अधिकारी, देशपांडे त्याचा हिशेबनीस आणि पाटील गावचा प्रमुख. महसूल गोळा करणे आणि अडचणीच्या वेळी रयतेला आसरा देणे, ही दोन्ही कामे गढीतून चालत. तळाशी काळ्या दगडाची जाड भिंत, त्यावर पांढऱ्या मातीचे रुंद चढते बांधकाम, कोपऱ्यांना बुरूज, एकच मोठा दरवाजा, आत विहीर आणि धान्याची पेवे, अशी तिची सर्वसाधारण रचना असते. पेव म्हणजे जमिनीत खणून, आतून लिंपून तयार केलेले धान्याचे कोठार.

साध्या घराची रचनाही हवामानाला ओळखूनच झालेली आहे. दगडमातीच्या हातभर रुंद भिंती, लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा, त्यावर फळ्या किंवा काटक्यांचा थर आणि वर पांढऱ्या मातीचे सपाट छत, याला माळवद म्हणतात. पावसाळ्यापूर्वी त्यावर नवी माती टाकून ते धोपटायचे, हा दरवर्षीचा नेम असे. दरवाजातून आत येताच ढाळज लागते, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीची आणि पहाऱ्याची जागा. मध्ये उघडा चौक, भोवती ओसरी, भिंतीत देवळ्या आणि खोल्यांच्या मधल्या जागेत बळद, म्हणजे धान्य साठवण्याची बंदिस्त पोकळी. घराचे माप खणांत सांगितले जाई. दोन खांबांमधले अंतर हा एक खण. मे महिन्यात हे घर गार राहते आणि थंडीत उबदार, आणि त्याची जवळपास सर्व सामग्री गावच्या शिवारातच मिळते. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, मांग, महार इत्यादी बलुतेदारांच्या कामावर हे सारे उभे होते. बलुते म्हणजे वर्षभराच्या सेवेबद्दल पिकातून मिळणारा ठरावीक वाटा. मात्र ज्यांच्या श्रमांवर गढी आणि वाडे बांधले गेले, त्यांपैकी कित्येकांची घरे वेशीबाहेर होती, आणि त्यांचे पाणवठेही वेगळे ठेवले गेले. वसाहतीचा इतिहास लिहिताना ही विषमता गावाच्या आराखड्यातच कोरलेली दिसते आणि ती स्पष्टपणे मांडणे हे इतिहासलेखनाचे कर्तव्य आहे.

डोंगरातील वस्तीची रीत निराळी होती. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ वाहणाऱ्या बंजारा समाजाचे तांडे, आणि धान्यवाहतुकीची परंपरा सांगणाऱ्या वंजारी समाजाची गावे बालाघाटावर वसली. गाड्यांचे रस्ते आणि रेल्वे आल्यावर जुना व्यापार बसला आणि फिरती माणसे उथळ जमिनीवर स्थिर झाली. या मुलखात श्रद्धेची केंद्रेही डोंगरावरच उभी राहिली आणि त्यांना लोक गड म्हणतात. येथे गड म्हणजे लष्करी किल्ला नसून संतपरंपरेचे ठाणे होय. पाटोदा तालुक्यातील गहिनीनाथगड, बीडजवळचा नारायणगड आणि नगर-बीड सीमेवरचा भगवानगड ही त्यांची उदाहरणे आहेत. वीरशैव परंपरेतील मन्मथस्वामींची समाधी असलेले कपिलधार धबधब्याशेजारी आहे, आणि अंबाजोगाईत मुकुंदराज व दासोपंत यांची समाधिस्थाने आहेत. शके १११० मध्ये रचलेल्या ‘विवेकसिंधू’चे कर्ते मुकुंदराज आणि कापडाच्या लांबलचक पासोडीवर ग्रंथ लिहिणारे सोळाव्या-सतराव्या शतकातील दासोपंत यांच्यामुळे हे गाव मराठी भाषेच्या इतिहासातही कायमचे नोंदले गेले आहे.

निजामी व्यवस्था, दुष्काळ आणि स्थलांतर

एकोणिसाव्या शतकात सालारजंग यांच्या सुधारणांतून १८६५ मध्ये हैदराबाद राज्यात जिल्हाबंदी झाली, आणि तालुका कचेऱ्या, पोलीस ठाणी व शाळा या नव्या प्रकारच्या इमारती जुन्या वाड्यांच्या शेजारी दिसू लागल्या. अंबाजोगाईला तेव्हा मोमिनाबाद म्हणत. हैदराबाद कंटिन्जेंटच्या घोडदळाची तेथे छावणी होती आणि १९०३ मध्ये कंटिन्जेंट ब्रिटिश हिंदुस्थानच्या सैन्यात विलीन होईपर्यंत गावच्या बाजाराला तिचा आधार होता. त्याच गावी पुढे १९३५ च्या सुमारास स्वामी रामानंद तीर्थ शिक्षणकार्यासाठी आले, आणि तेथील शाळेच्या इमारती हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाच्या पायाभरणीत सहभागी झाल्या. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात.

या राजकीय तारखांपेक्षा गावांवर खोल परिणाम केला तो दुष्काळांनी. १८९१ मध्ये सुमारे ६ लाख ४२ हजार असलेली जिल्ह्याची लोकसंख्या १९०१ मध्ये सुमारे ४ लाख ९२ हजारांवर आली. १८९९-१९०० चा दुष्काळ आणि त्यापाठोपाठ आलेले आजार हे या घसरणीचे प्रमुख कारण होते. १९७२ च्या दुष्काळात कामाच्या शोधात निघालेल्या हातांना पाझर तलाव आणि रस्त्यांची कामे मिळाली. आजही कित्येक गावांतील तलावांची ओळख ‘बहात्तरचा तलाव’ अशीच सांगितली जाते. पाण्याचे दुसरे टोक २३ जुलै १९८९ रोजी दिसले. बिंदुसरेच्या महापुराने बीड शहरातील नदीकाठच्या वस्त्या उद्ध्वस्त केल्या. ज्या परळीत वैद्यनाथाच्या देवालयाचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकर यांनी अठराव्या शतकात केला, तेथे १९७१ मध्ये औष्णिक वीज केंद्र सुरू झाले. २०१३ मध्ये पाणी संपल्याने तेही बंद ठेवावे लागले. आधुनिक उद्योगही या भूमीच्या जुन्या अटीतून सुटला नाही.

वसाहतीच्या इतिहासाचे आजचे पान ऊसतोडीने लिहिले जात आहे. दसरा-दिवाळीनंतर जिल्ह्यातील लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात. नवरा-बायकोच्या जोडीला तेथे ‘कोयता’ म्हणतात, मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या रकमेला ‘उचल’, आणि ही उचल फेडण्यात हंगाम संपतो. सहा महिने गावात वृद्ध आणि मुले उरतात, माळवदावर वेळेवर माती पडत नाही, पहिल्या जोरदार पावसात ते गळू लागते, आणि परतून आलेले कुटुंब ते दुरुस्त करण्याऐवजी पत्र्याचे किंवा सिमेंटचे छत घालते. हा निर्णय त्या कुटुंबाच्या दृष्टीने रास्तच असतो; पण त्यातून एक संपूर्ण बांधकामविद्या, ती जाणणाऱ्या गवंड्यांसह, एका पिढीत लोपत चालली आहे.

जतनाचा विचार

आज जिल्ह्यातील ऐतिहासिक वास्तूंची अवस्था पाहिली तर वापर आणि अस्तित्व यांचा संबंध उघड दिसतो. अंबाजोगाईची योगेश्वरी, वैद्यनाथ, कंकालेश्वर, खंडोबा, शहेनशाहवली दर्गा, जामा मशीद या वास्तूंत लोक रोज जातात, म्हणून त्यांची डागडुजी होत राहते. तेथे धोका असतो तो अडाणी दुरुस्तीचा, म्हणजे कोरीव पाषाणावर चढणाऱ्या तैलरंगाचा आणि फरशीचा. धारूरच्या किल्ल्याकडे शासनाचे लक्ष असते, आणि अंबाजोगाईच्या बाराखांबी परिसरात पुरातत्त्व विभागाने केलेल्या उत्खननातून जुन्या मंदिरांचे पाये वर आले आहेत. याउलट गढ्यांना ना भाविक आहेत ना संरक्षण; वारसांत वाटण्या झालेल्या, तटांची पांढरी माती शेतात खत म्हणून गेलेली आणि दगड नव्या बांधकामाला लागलेले, अशा स्थितीत त्या झपाट्याने नष्ट होत आहेत. बारवांची गतही नळयोजना आल्यावर तशीच झाली. पाणी भरणे थांबले, कचरा टाकणे सुरू झाले आणि पायऱ्या बुजल्या. अलीकडे काही गावांनी वर्गणी आणि श्रमदान करून गाळ काढला तेव्हा झरे पुन्हा वाहू लागले, ही बाब आशा वाढवणारी आहे.

या अनुभवावरून जतनाचा क्रमही ठरवता येतो. प्रथम प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीतील गढ्या, बारवा, वेशी, वीरगळ आणि माळवदी वाडे यांची मोजमापांसह व छायाचित्रांसह नोंद करावी. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेली शिळा, आणि लिखित कागद नसलेल्या गावांत तीच कित्येकदा सर्वांत जुनी साक्ष असते. दुसरे, खजाना विहिरीसारख्या रचनांचे रक्षण केवळ कठड्याभोवती कुंपण घालून होणार नाही. तिला पाणी पुरवणाऱ्या वरच्या पाणलोटातील विंधनविहिरींवर मर्यादा घातल्या तरच तिचे बोगदे वाहते राहतील. तिसरे, रिकाम्या गढ्या व वाड्यांना वाचनालय, अंगणवाडी किंवा हंगामी वसतिगृह असा उपयोग मिळाला, तर ऊसतोडीला गेलेल्या आईबापांच्या मुलांना गावातच निवारा लाभेल आणि त्या भिंतींवर दर पावसाळ्यापूर्वी माती टाकणारे हातही मिळतील. खोलेश्वराची मुलगी लक्ष्मी, सलाबतखान, अहिल्याबाई आणि मातीची भिंत चढवणारा निनावी गवंडी यांच्या काळांत आणि श्रद्धांत अंतर असले, तरी त्यांची बांधकामे एकाच कसोटीवर टिकली : ती लोकांच्या कामी आली. बीड जिल्ह्याचा वारसा पुढे न्यायचा असेल, तर पुढच्या पिढ्यांना त्याच कसोटीवर त्याचा सांभाळ करावा लागेल.